पोर्तुगीजमध्ये भाऊ

"हा कोण?" पाहुण्याने पोर्तुगीजमधून विचारलं आणि धर्मेशचा घास हातातच राहिला.

विचारलं होतं काशीनाथबद्दल. मिठागरातून थेट येऊन, हात धुऊन तो कोळंबीचं कालवण वाढत होता, पायांवरचा चिखल अजून तसाच. धर्मेशचा सख्खा चुलतभाऊ. दोघं एका ताटात जेवून मोठे झाले. धर्मेश कॉलेजात गेला तेव्हा मिठागर एकट्याने ओढलं ते यानेच.

पाहुणा मोझांबिकचा, भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांचं मोठं गिऱ्हाईक. "बडी पार्टी है, संभालना," शेठने आपल्या नव्या दुभाष्याला, म्हणजे धर्मेशला, बजावलं होतं. पार्टीला गावातलं घर बघायचं होतं, म्हणून धर्मेश त्याला काशीगावात आपल्या घरी जेवायला घेऊन आला.

आता धर्मेशची पोर्तुगीज म्हणजे दादरच्या क्लासची. आधी इंग्रजी शब्द आठवायचा, मग त्याचा पोर्तुगीज. ब्रदर, इर्मांव. कझिन, प्रीमु. सर्व्हंट, एम्प्रेगादु. ओळीने पाठ. त्याने चिखलाचे पाय बघितले, पाहुण्याचा टाय बघितला, आणि जीभ सरळ तिसऱ्या शब्दावर जाऊन बसली. लाज वाटली शहाण्याला, भावाची.

"काय इचारतंय तो?" काशीनाथने विचारलं.

"तू कोण म्हणून."

"मंग काय सांगलास?"

"भाऊ म्हणून सांगितलं," धर्मेश ताटात बघत म्हणाला.

काशीनाथ खुलला. पाहुणा नको नको म्हणत असताना त्याने आणखी दोन पळ्या कालवण वाढलं.

निघताना, फियाटमध्ये बसण्याआधी, म्हाताऱ्या पाहुण्याने काशीनाथच्या हातावर पन्नासची नोट ठेवली. बक्षिसी हो, हॉटेलात वेटरला देतात तशी. पण आपल्याकडे वडीलधारा पाहुणा जाताना घरच्या पोरांच्या हातावर काहीतरी ठेवतोच. काशीनाथने नोट कपाळाला लावली आणि वाकून त्याच्या पाया पडला. पाहुणा गोंधळून मागे सरला.

धर्मेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घेऊ नको म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण कारण काय सांगणार?

गाडी गेली. काशीनाथ नोट हातात धरून तसाच उभा होता. डोळे भरले होते त्याचे.

"बगलास, धरम्या? तुज्या एका शब्दावर त्यानी मना घरचा धरला."