लाल म्हणजे बंद

"यात कुठे कापाकापी नाही," प्रभाकर साहेब म्हणाले. "नारळ फोडल्यापासून एका दमात काढलंय. व्हिडिओ खोटं बोलत नसतो, बाई."

खडोलीच्या कारखान्यात मॅनेजरच्या केबिनमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर मुद्दाम मागवून ठेवले होते. समोर सुकदेव आणि त्याची बायको रोहिणी. सुकदेवच्या उजव्या हाताला गाठोड्याएवढं बँडेज होतं. आत अंगठा आणि करंगळी तेवढी उरली होती. टेबलावर टाइप केलेला कागद आणि शाईचं पॅड. मशीनची जाळी मी माझ्या मर्जीने काढली, कंपनीचा काही दोष नाही, असं कागदावर होतं. खाली सुकदेवचा डावा अंगठा उठला की कंपनी मोकळी आणि सुकदेव घरी.

"जाळी नव्हतीच," सुकदेव म्हणाला. गेले बारा दिवस तो एवढंच म्हणत होता.

रोहिणीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचा राग साहेबांवर नव्हता, नवऱ्यावर होता. धागा तुटला की जाळी उघडून हात घालायचा कंटाळा, म्हणून यानेच ती काढून ठेवली, असं साहेबांनी तिला दवाखान्यात सांगितलं होतं, आणि तिला ते पटलं होतं. टोकरखाडा वस्तीतल्या त्यांच्या खोलीत ती त्याला भरवायची आणि प्रत्येक घासाला बोलायची.

लग्नांची शूटिंग करणाऱ्या योगेशने कॅसेट लावली. पडद्यावर दसऱ्याची पूजा आली. अपघाताच्या दोन दिवस आधीची. मशीनला झेंडूच्या माळा, आणि रोलरपुढे पिवळी धमक जाळी, तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. योगेशने कॅमेरा जाळीवरून सावकाश फिरवला होता.

"दिसली?" साहेबांनी विचारलं.

"दिसली." रोहिणी नवऱ्याकडे वळली. "तुम्हाला दिसून राहिली का? का डोळेपण मशीनमध्ये गेले?"

साहेबांनी पॅडचं झाकण उघडून सुकदेवपुढे सरकवलं. त्याने डावा हात पुढे केला.

तेवढ्यात टीव्हीतून योगेशचा आवाज आला. "सुकदेवभाई, जरा पकडो. मी फाफडा-जिलेबी खाऊन येतो." चित्र हललं, छत दिसलं, पंखा दिसला. मग सुकदेवचा आवाज, अगदी जवळून: "बंद केलं का यानं? हां, लाल लागलाय. म्हणजे बंद." कॅमेरा कशावर तरी आडवा ठेवल्याचा आवाज झाला.

केबिनमध्ये योगेशने कपाळाला हात लावला. "अरे भाई, कॅमेऱ्यात लाल म्हणजे चालू असतं!"

कारखान्यात लाल दिवा म्हणजे मशीन बंद, हिरवा म्हणजे चालू. सात वर्षं सुकदेव तेच दिवे बघत आला होता. दुसरं काही त्याच्या मनात कसं यावं?

"पुढे काही नाही, साहेब," योगेश म्हणाला. "नुसते लोकांचे पाय असतील. कटिंगला कॅसेट वापीला पाठवावी लागते, तुम्हीच नको बोललेले."

साहेबांनी स्वतः आरतीपर्यंतच पाहिलं होतं. "मग बंद कर," ते म्हणाले.

"राहू द्या," रोहिणी म्हणाली. "एका दमात काढलंय ना? मग एका दमात बघू."

पडद्यावर तिरपी फरशी होती. तिच्यावरून स्लिपरा गेल्या, चपला गेल्या. मग तपकिरी बूट आले आणि थांबले. "झाली ना पूजा? काढा ती जाळी. माल अडतो. इन्स्पेक्टर आला की परत लावू."

पान्याचा आवाज आला. पिवळी जाळी कॅमेऱ्यासमोरच फरशीवर टेकवली गेली. स्वस्तिक आडवं झालं होतं.

"साहेब, कोणाचा हात जाईल," टीव्हीतला सुकदेव म्हणाला.

"हात सांभाळून घालायचा. नसेल जमत तर सांग. गेटवर दहा जण उभे आहेत."

खुर्ची सरकली. प्रभाकर साहेब उठून व्हीसीआरकडे निघाले होते. रोहिणी त्यांच्या आधी पोचली आणि तिने त्याच्यावर पंजा ठेवला. बारा दिवसांत नवऱ्याला काय काय ऐकवलं, ते सगळं तिला आठवत होतं.

"हात लावू नका."

"बाई, तो आवाज माझाच कशावरून?" साहेबांनी त्याच आवाजात विचारलं.

योगेश खाली बघत होता. सुकदेव मात्र पडद्याकडे बघत होता. तिथे आता त्याचा उजवा हात येत होता, कॅमेरा उचलायला. कॅमेऱ्याच्या काचेवर झेंडूची पाकळी चिकटली होती, ती त्याने बोटाने हळूच काढली. मग सबंध पडदाभर पंजा आला.

"योगेशभाऊ, थांबवा इथंच," रोहिणी म्हणाली.

योगेशने साहेबांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि बटण दाबलं. चित्र थांबलं, पण व्हीसीआर जुना असल्यामुळे थरथरत राहिलं. पाच बोटं. नखांत ग्रीस, करंगळीला कुंकू.

व्हीसीआरवरचा हात न काढता रोहिणीने दुसऱ्या हाताने कागद आणि पॅड टेबलावरून साहेबांच्या बाजूला सरकवलं.

"आता तुम्ही लावा अंगठा," ती म्हणाली. "तुमची तर दहाच्या दहा शाबूत आहेत."