सातवी सर्क्लिप

"सात," फिटरबाई म्हणाली. "पुन्हा सातच."

फोरमनने कपाळावर हात मारला. सकाळपासून बाटल्यांच्या कारखान्याला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर बंद होता, माणसं हातावर हात ठेवून बसली होती, आणि ही बाई ट्रेमधल्या कड्या मोजत बसली होती.

कॉम्प्रेसरला तीन पिस्टन. प्रत्येकाची पिन जागेवर धरायला दोन सर्क्लिप, बोटभर रुंदीच्या पोलादी कड्या. म्हणजे जुन्या सहा निघायला हव्यात आणि नव्या सहा बसायला. ट्रेमध्ये मात्र सात उरल्या होत्या. एखादी नवीच तेलाने काळी होऊन बाहेर राहिली असेल तर आत एक जागा रिकामी. मग पिन सरकणार, सिलिंडरचा चक्काचूर होणार, आणि शेजारी उभ्या असलेल्याचं काही खरं नाही.

"अहो फिटरबाई, मशीन जोडून झालंय ना? चावी द्या इकडे!"

मेन स्विचला तिचं कुलूप होतं. चावी गळ्यात.

"नाही देणार, साहेब. आधी उघडून बघते."

"बघाच! मग ऑफिसला लिहूनच देतो, हिला सहापर्यंत मोजता येत नाही म्हणून. उद्यापासून घरी बसा."

नोकरी जाणार हे तिला दिसत होतं. तरी हवेच्या दाबाचा काटा शून्यावर असतानाही तिने हवा सोडायची झडप पुन्हा उघडून पाहिली, मगच बोल्टला पाना लावला. एकेक पिस्टन बाहेर काढला.

सहाच्या सहा नव्या सर्क्लिप आपापल्या खाचेत बसलेल्या होत्या.

"डोंगर पोखरून उंदीर!" कोणीतरी हसलं. तिला रडूच यायचं बाकी होतं. रागारागाने तिने ट्रेमधल्या साती कड्या फडक्याने पुसल्या. सहा चकाकल्या. सातवीवर जळक्या तेलाची खपली होती, नखानेही निघेना.

"ही आजची नाहीच," ती म्हणाली. "सकाळी तळातल्या गाळात चुंबक फिरवला, तेव्हा आली असणार. कित्येक वर्षं आत पडून होती."

फोरमनने कडी हातात घेतली आणि खाली स्टुलावर बसला.

नऊ वर्षांपूर्वी हे मशीन असंच उघडलं होतं, त्याने आणि त्याच्या थोरल्या भावाने. भाऊ म्हणाला होता, पाचच निघाल्या, सहावी आत पडलीय, पुन्हा उघडू. यालाच घाई होती. तुझी नजर गेलीय, असं त्याने भावाला सगळ्यांसमोर सुनावलं आणि ऑफिसलाही लिहून दिलं. भाऊ घरी बसला. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

त्याने नंबर लावला. किती तरी वेळ घंटी वाजली.

"दादा, मी बोलतोय..."



"सापडली का रे?"