मुलीकडची मांडणी

चौथ्या खेपेलाही एकही अंडं फुटलं नाही. संशोधिकेने भिंगाखाली दोनशे बारा अंडी मोजली आणि वहीत ‘अयशस्वी’ लिहिलं. हा शब्द आता तिला न बघता लिहिता येत होता.

तिच्या फळमाश्यांच्या अंगात एक जंतू होता. आईकडून अंड्यात उतरणारा, पिढीजात. बापाच्या अंगात तो असला आणि आईच्या नसला, तर अंडी मरतात, एवढंच तिला सिद्ध करायचं होतं. पण आधी, दोघांच्या अंगात जंतू असताना अंडी नीट फुटतात, हे दाखवायला हवं. ती पहिली पायरीच दोन महिने मोडत होती. शुक्रवारपर्यंत अळ्या दाखवा, नाहीतर विषय बदला, असं सरांनी बजावलं होतं. सरांनी स्वतः तीन विषय बदलले होते आणि चौथा न सापडल्यामुळे ते विभागप्रमुख झाले होते.

आज शुक्रवार होता. तिने थर्मामीटर बदलून पाहिला होता, दिव्याला दोष देऊन झाला होता, नरांना नावं ठेवून झाली होती. उरल्या फक्त मावशी. मावशी माश्यांचं खाणं शिजवत. जिथून माद्या घ्यायच्या त्या बरण्यांच्या मांडणीला त्या ‘मुलीकडची’ म्हणत, नरांच्या मांडणीला ‘मुलाकडची’.

खाण्यात काही बदल केलात का, असं तिने विचारलं. पातेलं घासता घासता मावशी म्हणाल्या, बदल कसला. दाढ काढली तेव्हाच्या जंतू मारायच्या गोळ्या उरल्या होत्या. चांगल्या गोळ्या, टाकवेनात. खाणं गार झालं की त्यात एक चुरून घालते, दर सोमवारी.

संशोधिकेने ओरडायला तोंड उघडलं. ते उघडंच राहिलं. जंतू तर केव्हाच गेला होता. पहिली पायरी कधी घडलीच नव्हती. पण नर-मादी दोघांचाही गेला असता, तर अंडी साध्या माश्यांसारखी फुटली असती. एकही फुटलं नव्हतं.

बाहेर सरांच्या चपला वाजल्या. तिने वही छातीशी धरली आणि अगदी हळू विचारलं, “मावशी, मुलाकडच्यांनाही घातलीत गोळी?”

“त्यांना कशाला?” मावशी म्हणाल्या. “बाळंतपण पोरींचं.”