हिल्डाकाकूंचं फाटक

फाटक सताड उघडं होतं. डेरेक बर्केटला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

त्यानं सायकल दगडी बांधाला टेकवली. आजच्या सफरीची म्होरकी टॅमसिन आणि तिच्या मागचे सतरा सायकलवाले धुरळा उडवत केव्हाच एनरडेलच्या तळ्याकडे उतरले होते. डेरेक मुद्दामच सगळ्यांच्या मागे राहिला होता. सकाळपासून तो याच एका चुकीची वाट बघत होता. त्यानं पटापट चार फोटो काढले. एकात तर खडीवरचे टायरांचे ठसेही झकास आले.

बटरमियरहून एनरडेलपर्यंत डांबराला चाक न लावता जायचं, तर हिल्डा रेल्फच्या शेतातून जाणाऱ्या खडीच्या वाटेशिवाय इलाज नव्हता. ती वाट डेरेकनं नऊ वर्षं मागितली. पहिल्या वर्षी तर भेटून आल्यावर एक सुवाच्य पत्रही टाकलं, आपण किती जबाबदार सायकलवाले आहोत ते सांगणारं. म्हातारीचं दर वर्षी एकच उत्तर यायचं, ‘नाही’. आणि ही टॅमसिन! दोन वर्षांपूर्वी ब्रिस्टलहून आलेली, मेंढी कुठली नि मेंढा कुठला हेही हिला कळत नसणार. मार्चमध्ये एकदाच गेली आणि परवानगी घेऊन आली. आता सफरीच्या नकाशावर त्या वाटेखाली तिचं नाव छापलं होतं. तो नकाशा पाहिल्या दिवसापासून डेरेकला अन्न गोड लागत नव्हतं. हिल्डाबाईंची अट मात्र कडक होती. फाटकाची एक जरी चूक झाली, तरी वाट बंद.

सकाळी निघताना टॅमसिननं सगळ्यांना बजावलं होतं, “फाटक जसं दिसेल तसंच ठेवून पुढे जायचं. बंद तर बंद, उघडं तर उघडं.”

“आम्ही या डोंगरात रांगलोय बाई,” डेरेक मागून म्हणाला होता. “आम्हाला फाटकं नको शिकवूस.” सगळे हसले. टॅमसिनही मोकळेपणानं हसली, आणि त्यामुळे तो जास्तच जळला.

आता बघा म्हणावं कोण शिकतंय. डोंगरावर मेंढ्या मोकळ्या सोडून रेल्फांचं फाटक कधी उघडं असतं का? यांनीच उघडं टाकलं, दुसरं कोण? डेरेकनं फाटक ओढून घेतलं, कडी घातली. शिवाय पिशवीतली दोरी काढून चांगल्या तीन गाठी मारल्या. दहा-बारा कोकरं फाटकाच्या खालच्या अंगाला ओढ्यापाशी होती, ती ओरडायला लागली. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. तो सरळ उतारावरच्या घराकडे निघाला.

“डेरेक? अजून सायकल चालवतोस होय?” ऐंशीच्या हिल्डाकाकूंनी त्याला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ओतला, आल्याचा केक पुढे केला.

“काकू, चुगली करणं माझ्या स्वभावात नाही,” तो म्हणाला.

“मग पटकन कर आणि मोकळा हो.”

त्यानं फोन पुढे केला. काकूंनी तो हातभर लांब धरून डोळे बारीक केले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. डेरेकला ते हसू काही बरं वाटलं नाही.

“अठरा जण गेले नि एकानंही लावलं नाही म्हणतोस? शाब्बास! अरे, सकाळी मीच उघडलंय ते. तीन आठवडे पाऊस नाही, वर पाण्याचा थेंब नाही. मेंढ्या वर चरतात आणि ऊन चढलं की त्या फाटकातूनच ओढ्यावर उतरतात. त्या पोरीनं मार्चमध्ये आल्या आल्या पहिलं हेच विचारलं, उन्हाळ्यात तुमची फाटकं कशी असतात म्हणून.”

डेरेकच्या हातातला केक हातातच राहिला. हिल्डाकाकू उठल्या. घड्याळामागून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला. अक्षर त्याचंच होतं. शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. ‘जाताना तुमचं उघडं राहिलेलं फाटक आठवणीनं लावून घेतलं आहे.’

“असाच कोरडा जून होता,” काकू म्हणाल्या. “तू गेलास त्याच दुपारी बहिणीचं जास्त झालं म्हणून मी पेनरिथला गेले. तिसऱ्या दिवशी परत आले, तर दारात हे पत्र पडलेलं. आणि वर फाटकापाशी सात मेंढ्या तहानेनं मेलेल्या.”

डेरेकनं कागद बाजूला सारला. “मला कधी बोलला नाहीत, काकू.”

“तू कधी विचारलंस, का नाही म्हणून? दर वर्षी यायचास नि नुसतं ‘द्या, द्या’ म्हणायचास.” त्यांनी खिडकीकडे मान वळवली. “आज ही कोकरं एवढी का ओरडतायत कोण जाणे. आया अजून उतरल्या नाहीत वाटतं.”

ओरडणं आता अख्ख्या उतारावर पसरलं होतं. काकूंनी सावकाश मान वळवून डेरेककडे पाहिलं.

“डेरेक, फोटो काढून झाल्यावर तू काय केलंस?”

खुर्ची मागे आपटली. हेल्मेट टेबलावरच राहिलं. डेरेक दारापर्यंत धावला आणि तिथं थबकला.

“काकू, सुरी द्या जरा,” तो म्हणाला. “गाठी फार घट्ट मारल्यात मी.”