रविवारची शिकवणी

"हे नको, भाऊजी. उगाच डोक्याला ताप," असे म्हणून मामाने ते जाड पुस्तक मिटले आणि पुस्तकवाल्याच्या हाती परत दिले.

भाऊजींच्या, म्हणजे काचवाल्याच्या, अंगाचा तिळपापड झाला. पुस्तक त्याने निवडले होते, आणि ते त्याच्या लेकीसाठी होते. कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसणारी हुशार मुले हेच नेतात, असे पुस्तकवाल्याने नुकतेच सांगितले होते. मामाच्या हातात मात्र दुसरेच, पातळसे पुस्तक होते.

"त्यात काय एवढं?" काचवाल्याने विचारले.

"प्रत्येक पायरी समजावून दिलीय. नुसतं उत्तर मागे छापून काय उपयोग? ते आलं कसं, हे नको कळायला?"

"म्हणजे माझी पोर मठ्ठ आहे म्हणा की!"

"अहो, तसं नव्हे हो..." मामा कानकोंडा झाला.

"बाबा, मला दोन्ही चालतील," लेक मध्येच म्हणाली. "पण मामा म्हणतो ते घ्या ना."

मामा म्हणतो! हे दोन शब्द काचवाल्याच्या अंतःकरणात कुसळासारखे रुतून बसले. पातळ पुस्तक घेऊन तिघे घरी परतले.

लहानपणी दम्याने लेकीची शाळा सुटली, तेव्हा तिला घरी शिकविण्याचे कार्य काचवाल्याने स्वतःच्या शिरावर घेतले होते. स्वतः तो सातवीच्या पुढे गेला नव्हता. तथापि दुकानातील काचांवर खडूने रेघा ओढून त्याने तिला अपूर्णांक शिकविले, क्षेत्रफळ शिकविले. चुकलेले उत्तर ती फडक्याने पुसायची आणि खिदळायची. पुढे अक्षरांची गणिते आली आणि बापाची मती कुंठित झाली. पुढचे ती एकटीच पुस्तकांवरून शिकली. परीक्षेचे ठरले त्या वर्षी बायकोचा भाऊ दर रविवारी येऊ लागला. तो एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. तो आला की आतल्या खोलीचे दार बंद होई.

काचवाला बाहेर वर्तमानपत्र उघडून बसे आणि एकही ओळ वाचत नसे. आतून मामाचा आवाज येई, "पुन्हा! पुन्हा एकदा!" मग बराच वेळ शांतता. मग लेकीचे हसणे. असे हसणे पूर्वी केवळ दुकानात ऐकू येत असे.

दार उघडे तेव्हा मामा घामाघूम झालेला असे. लेक मात्र टवटवीत चेहऱ्याने गुणगुणत बाहेर येई. किती जीव ओतून शिकवितो हा, असे मनात येऊन काचवाल्याला अधिकच जळजळ होई.

"तुझा भाऊ फुकटचा मोठेपणा मिरवतोय," एकदा तो बायकोला म्हणाला.

"अहो, मेहुण्यावर कसले जळता? सवत आणल्यासारखं तोंड केलंय!" बायको हसली. "येऊ दे की त्याला. तेवढाच पोरीचाही सराव होतो."

ते हसणे त्याला झोंबले. दुसऱ्याच दिवशी दुकान बंद करून तो एकटाच पुस्तकवाल्याकडे गेला आणि ते जाड पुस्तक विकत घेऊन आला. आठवडाभर गिऱ्हाईक नसेल तेव्हा तो त्यात डोके खुपसून बसला. पहिल्या प्रकरणापुढे त्याची मजल गेली नाही. परंतु आपण लेकीच्या शेजारी बसायचे, एवढा निश्चय मात्र पक्का झाला. तिला पान उलटून देता आले तरी पुष्कळ होते.

रविवारी मामा आला. काचवाला खोलीच्या दारातच उभा राहिला.

"मेहुणे, आपले उपकार झाले," तो गंभीरपणे म्हणाला. ही वाक्ये त्याने काचा कापता कापता जुळविली होती. "आजपासून आपण येण्याची तसदी घेऊ नये. माझ्या लेकीचा अभ्यास मी पाहीन."

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. "भाऊजी, असं एकदम? एवढा महिना तरी येऊ द्या. आता परीक्षा तोंडावर आलीय!"

"परीक्षा तिची आहे. तुमचं काय अडलंय?"

मामाने मान खाली घातली. काचवाल्याला वाटले, जिंकलो. इतक्या महिन्यांत प्रथमच त्याची छाती हलकी झाली. त्याने जाड पुस्तक लेकीपुढे धरले. तिने ते घेतले नाही. ती मामाकडे पाहत राहिली.

"सांगू का रे आता?" तिने हळूच विचारले.

मामाने शरमून होकारार्थी मान हलविली.

"बाबा, याला घालवू नका," लेक म्हणाली. "पुढच्या महिन्यात मामाही त्याच परीक्षेला बसतोय, आणि माझी त्याला त्रिकोणमिती शिकवून व्हायचीय अजून."