फोटूसाठी हसा

येडगावात बचत गटाच्या बायकांकडे मुक्कामाला आलेले पुण्याचे पाहुणे हौसेनं कांदा काढायला बसले होते. माणसं वाकून बसली की एकीनं उसाकडे तोंड करून उभं राहायचं, म्हणून चिमाबाई उभी होती. उसातून बिबट्या बाहेर आला आणि पाहुण्यांच्या पाठीमागं वीस पावलांवर दबून बसला.

'दिसला तर पळायचं नाय,' असं तिनं सकाळीच बजावलं होतं. पण शहरातली माणसं ती, ऐकतील थोडीच? पळापळ झाली की तो पाहुण्यांच्या सहा वर्षांच्या समृद्धीवर झेपावणार, आणि मग वनखात्याचे बंदूकवाले त्याच्यावर.

सेल्फी काढत बसलेल्या समृद्धीच्या आईच्या हातातून तिनं मोबाईल घेतला.

"उठा पावणं, फोटू काढते. पोरीला कडंवर घ्या."

"मावशी, येतो का तुम्हाला?"

"लई काढल्यात. हसा. आता माझ्याकडं या. हळू. अजून पुढं."

मोबाईल धरून ती उलट्या पावलांनी मागं सरकत राहिली. पाहुणे हसत हसत थेट घरात आले. एकानंही मागं वळून पाहिलं नाही.

तिनं कडी घातली. समृद्धीच्या आईनं तिच्या मुठीतून मोबाईल सोडवला.



"उलटा धरला होतात, मावशी, स्क्रीन आमच्याकडे करून. त्यात आम्ही दिसत होतो, आणि मागून येणारा तोही."