ओळीतलं गवत

बुधाजी पाटलाच्या शेताच्या बांधावर बायका लुगडी वर खोचून केव्हाच्या उभ्या होत्या. आत उतरा, असं कोणी म्हणेना.

गव्हाणच्या शिवारात भाताच्या बेणणीला, रोपांमधलं गवत काढायला, यंदा यंत्र आलं होतं. रॉकेलवर चालणारं, पुढे फिरती पाती, मागे धरायला दोन मुठी. त्या मुठी धरून चिखलातून चालत होता जगन, भामाचा मुलगा. पनवेलला जाऊन तो हे काम शिकून आला होता. सकाळी भामानेच यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि बायकांना खुशाल सांगून टाकलं, "जगन यंत्र चालवील, आपुन मागून बेनत जाऊ." तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं. घरचाच माणूस यंत्रावर आहे, मग विचारायचं कशाला, असं तिला वाटलं होतं.

यंत्र ओळींमधून सरळ जात होतं. जाणारच. आषाढात दोरी ताणून, दोरीवर रोपं लावत ह्या ओळी ह्याच बायकांनी आखल्या होत्या. पाटलाने तेव्हा त्यांच्या हाताचं तोंड भरून कौतुक केलं होतं. ते कशासाठी होतं, हे आता कळत होतं.

शेवटची ओळ झाली आणि जगनने यंत्र बंद केलं. दोन ओळींमधलं गवत चिखलात गडप झालं होतं. रोपांच्या बुडाशी मात्र ते तसंच उभं होतं, कारण पाती तिथवर पोचतच नव्हती. बांधावरून सगळ्यांना ते दिसत होतं. पाटलालाही दिसत असावं, पण त्याला ते जगनच्या तोंडून ऐकायचं होतं.

"काय रं जगन, मागून बायका लावाव्या लागतील काय?" त्याने विचारलं. "लागत असतील तर सांग. यंत्र उद्याच परत धाडतो. दोन्ही पोसायला मी काय सरकार हाय?"

जगनने ओळींकडे पाहिलं. आईकडे पाहिलं नाही.

"नाय लागनार, पाटील."

कृष्णाबाई सगळ्यांत म्हातारी. तिने खोचलेलं लुगडं सोडून खाली केलं. "भामे, चांगला नारळ फोडलास," एवढंच ती म्हणाली आणि चालू लागली. बाकीच्या तिच्या मागून गेल्या. आता कापणीपर्यंत त्यांच्या हाताला काम नव्हतं. भामाला कोणी चल म्हटलं नाही.

पाटीलही घराकडे वळला. भामा भाकरीचं फडकं घेऊन शेतात उतरली. जगनपर्यंत पोचता पोचता ती सवयीने वाकली आणि रोपाच्या बुडाशी हात घालून तिने मूठभर गवत उपटलं. मुळासकट आलं.

"आये, टाक ते," जगन हळूच म्हणाला. "पाटलानं बघितलं तर माजं काय ऱ्हाईल?"

जगनने तिच्या मुठीतून गवत काढून घेतलं, चिखलात टाकलं आणि दिसेनासं होईपर्यंत पायाने दाबलं. तिला त्याचा राग आला आणि कीवही आली. तिने ओळीतल्या पाण्यात हात धुतले आणि बांधावर बसून फडकं सोडलं. तांदळाच्या दोन भाकरी होत्या, वर सुक्या जवळ्याची चटणी.

"जेव," ती म्हणाली. "हे तांदूल याच शेतातलं हाईत. मी बेनलेलं."

जगन तिच्याकडे पाठ करून जेवला.